लॉटरी बंद करा म्हणणाऱ्यांना, टेक्सासहून

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या राज्य लॉटरीवरून जुंपली आहे. पुण्याचा माझा मावसभाऊ प्राध्यापक आहे. त्याचं म्हणणं, सरकारनं जुगार चालवावा हीच शरमेची गोष्ट, महाराष्ट्र राज्य लॉटरीला कायमचं टाळं लावा. इथवर मी गप्प होतो. मग त्यानं लिहिलं, "अमेरिकेत चालतं, कारण तिथे सिस्टिम आहे. आपल्या लोकांना ते जमणारच नाही." हे 'आपल्या लोकांना जमणारच नाही' मला सहन होत नाही. ऑस्टिनमध्ये राहून तर मुळीच नाही.

इथल्या सिस्टिमचं ऐका. टेक्सासची लॉटरी 1992 साली सुरू झाली. चालवायला स्वतंत्र आयोग, 1997 पासून पैसा शाळांच्या निधीला. एप्रिल 2023 मध्ये 'लोट्टो टेक्सास'चा जॅकपॉट साडेनऊ कोटी डॉलरवर गेला. 54 आकड्यांतून 6 निवडायचे, म्हणजे जोड्या 2 कोटी 58 लाख, आणि तिकीट एक डॉलरचं. एका गटानं जवळपास सगळ्याच जोड्या विकत घेतल्या. मोजक्या ठिकाणी यंत्रं लावून तिकिटं छापली गेली, आणि जादा यंत्रं खुद्द आयोगानं पुरवली होती! गटानं बक्षीस हप्त्यांऐवजी एकरकमी घेतलं, म्हणून कर कापण्याआधी 5 कोटी 78 लाख डॉलर मिळाले.

त्या सोडतीच्या शनिवारी आमच्या पंपावरही लोकांनी तिकिटं घेतली असणार. सकाळी साडेसहाला तिथे रंगाचे डाग पडलेले बूट घालून एक माणूस येतो, कॉफीच्या मशीनशेजारी उभा राहून ट्रकच्या किल्लीनं स्क्रॅच तिकीट खरवडतो, काउंटरवर पडलेला भुसा हातानं झाडतो आणि कामावर जातो. त्याच्यासारख्याच्या एका डॉलरला त्या सोडतीत काय किंमत होती?

आणि कुरियरवाले तर आधीपासूनच होते. फोनवरून तिकीट विकायला इथे कायद्यानं बंदी. यांनी अ‍ॅप काढलं: तुमच्या नावानं आम्ही दुकानातून तिकीट घेतो, तुम्हाला फोटो पाठवतो. आयोगानं बराच काळ याकडे काणाडोळा केला. फेब्रुवारी 2025 मध्ये अशाच एका तिकिटाला 8 कोटी 35 लाख डॉलरचा जॅकपॉट लागला, तेव्हा गव्हर्नरला टेक्सास रेंजर्सकडे, म्हणजे राज्य पोलिसांच्या खास तपास पथकाकडे, चौकशी द्यावी लागली. अखेर विधिमंडळानं आयोगच बरखास्त केला. 1 सप्टेंबर 2025 पासून लॉटरी पाहतं ते खातं न्हावी आणि इलेक्ट्रिशियन यांना परवाने देणारं आहे. अमेरिकेतल्याच आयोवा राज्यातलं प्रकरण तर याहून जुनं. तिथे अनेक राज्यांच्या सामाईक लॉटरी संस्थेचा सुरक्षाप्रमुखच आकडे काढणाऱ्या संगणकात फेरफार करत होता. 2017 मध्ये त्याला 25 वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

तेव्हा प्रामाणिकपणा रक्तात असतो आणि तो आपल्यात नाही, हे बोलणं पुरे झालं. सरकारनं विक्रीची खिडकी दुसऱ्याच्या ताब्यात दिली की टेक्सासमध्येही हेच होतं.

आपला लॉटरीचा 1998 चा केंद्रीय कायदा काढून वाचा. सोडत राज्यानं स्वतः काढायची, राज्यातच काढायची, एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त नाही, एका आकड्यावर बक्षीस नाही, न वठवलेली बक्षिसं सरकारजमा. कायदा चांगला आहे, खिळखिळी झाली ती अंमलबजावणी.

माझ्या मामाचं लॉटरीचं टेबल सोलापुरात नवी पेठेत होतं. दोरीला चिमट्यांनी लावलेली तिकिटं, पुठ्ठ्यावर डकवलेला कालचा निकाल. पाळी सुटली की गिरणीतले लोक यायचे, निकालावरून बोट फिरवत शेवटचे चार आकडे जुळवायचे. शंभराचं बक्षीस मामा जागेवर द्यायचा आणि तिकीट नंतर एजंटकडे वठवायचा. कुणी हट्टानं चौथं-पाचवं तिकीट मागितलं तर "आता उद्या ये" म्हणून परत पाठवायचा. पुढे परराज्यांच्या ऑनलाइन लॉटरीची केंद्रं आली. आत पडद्यावर दर थोड्या वेळानं निकाल. मामाकडचं गिऱ्हाईक तिकडे गेलं. तिथे त्याला 'उद्या ये' म्हणणारं कुणी नव्हतं.

भावाचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. स्वतःची लॉटरी चालवणाऱ्या राज्याला दुसऱ्या राज्याची लॉटरी अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्ये सांगितलं. म्हणून आपली बंद करू, म्हणजे सगळ्यांचीच बंद करता येईल. कागदावर बरोबर आहे. पण मटका कुठल्या परवान्यावर चालला होता? सरकारी टेबल उठलं की ती जागा रिकामी राहत नाही, आणि नंतर येणारा ना निकाल छापतो ना कर भरतो.

केरळनं 1967 मध्ये लॉटरी सुरू केली आणि आजही ती कागदी तिकिटांवर चालवली आहे. जिल्ह्याजिल्ह्यात लॉटरी कार्यालयं, तिथून एजंटांना थेट विक्री, तिरुवनंतपुरमच्या गॉर्की भवनात लोकांसमोर सोडत. 'कारुण्य' लॉटरीचा पैसा गरिबांच्या उपचारांसाठी, हे तिकीट विकणाऱ्या म्हाताऱ्यालाही ठाऊक. महाराष्ट्राची लॉटरी 1969 पासून आहे. तिच्या पैशातून काय उभं राहिलं, हे सोलापुरात कुणाला विचारून बघा.

"तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं?" असं भावानं विचारलंच. माझं इथलं राहणंच एका सरकारी सोडतीवर उभं आहे. इथे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या वर्षाला 85 हजार जागा, अर्ज कितीतरी पट, आणि नावं काढणार संगणक. तिथेही एकाच उमेदवारासाठी अनेक कंपन्यांमार्फत नोंदण्या भरण्याचा प्रकार बोकाळला, आणि 2024 च्या सोडतीपासून सरकारला नोंदण्यांऐवजी माणसं मोजावी लागली. माझं नाव लागलं. माझ्याच टीममधला, माझ्याहून सरस असलेला मुलगा हैदराबादला परतला. घरचे याला माझी कर्तबगारी समजतात. मी तसं समजू शकत नाही. म्हणून सोडत सरळ निघते की नाही, हा माझ्यासाठी चर्चेपुरता विषय नाही. ज्या शाळांना टेक्सासची लॉटरी पैसे देते, त्यातल्याच एकीत माझी मुलगी शिकते. इथे मला मत नाही, आणि सोलापुरात मतदानाच्या दिवशी मी नसतो. तरी इथला आयोग बुडाला तेव्हा मी बातमी वाचून कामाला लागलो. वाशीच्या लॉटरी कार्यालयाला टाळं लावा हे वाचलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

इथली एकच गोष्ट उचलण्यासारखी आहे. लॉटरीच्या अधिकाऱ्यांना आमदारांनी कॅमेऱ्यासमोर उभं आडवं विचारलं, आणि ते कुणालाही घरबसल्या बघता आलं. भावानं टाळ्याची मागणी सोडून आपल्या आमदाराकडे एवढं मागावं: कोणत्या एजंटाला किती तिकिटं गेली, न वठवलेल्या बक्षिसांचे पैसे दर वर्षी किती आणि ते कुठे गेले, आणि मामासारख्या टेबलवाल्याच्या हाती एका तिकिटामागे किती पडतात.