अल्बम फुकटात होतो म्हणे! हिशोबाची वही माझ्याकडे आहे

गेले पंधरा-वीस दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तीनदा आला, त्यात एकदा डोंबिवलीच्या काकांनी पाठवला आणि खाली अंगठापण त्यांनीच दिला. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: "आता अल्बम काढायला एक रुपया लागत नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करा, मिक्सिंग एआय करतो, अपलोड फुकट. गाणं चांगलं असेल तर आपोआप चालतं, घरबसल्या पैसे येतात. तरी हे नवे गायक लोकांना क्यूआर कोड पाठवतात. ही नवी भीक. पटलं तर पुढे पाठवा."

मला नाही पटलं. मी गायक नाही, पतसंस्थेत क्लार्क आहे, पण माझ्या मामेबहिणीचा पहिला अल्बम गेल्या दीड वर्षात झाला, सात गाणी, शब्द तिचे, चाली तिच्या, अर्धी मालवणीत, आणि पैशाची वही पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. तिला घरात सगळे बाय म्हणतात, मी पण इथे तेच लिहितो. एकूण खर्च २,०१,००० रुपये, आणि त्यातले निम्म्याहून जास्त तिनेही लोकांकडून मागूनच जमवले. वरचा एक हजार का, ते पुढे कळेल. तर आता एकेक ओळ घेऊ.

"मोबाईलवर रेकॉर्ड करा."

केलं की. बायचे सगळे डेमो मोबाईलवरच आहेत. एका गाण्याच्या सुरुवातीला समुद्राची गाज आहे ती तिने वेंगुर्ल्याला सागरेश्वरच्या किनाऱ्यावर फोनवरच घेतली आणि फायनलमध्ये तशीच ठेवली. एकटा गळा आणि गिटार असेल, खोली शांत असेल, तर एक बरा माइक आणि लॅपटॉप घेऊन घरात चांगलं काम होतं, मी नाही म्हणत नाही. पण फोन मुळात बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेला असतो, आवाज वाढला की तो स्वतःच दाबायला बघतो, मागचा आवाज कापायला बघतो, आणि मृदंगावर थाप पडली की त्याला तो गोंगाटच वाटतो. वर सगळं एकाच ट्रॅकवर. झांज कमी करायला जावं तर गळा पण कमी होतो.

आणि शांत खोली आणायची कुठून? आम्ही मांगरात (वाडीतल्या साठवणीच्या खोपटात) प्रयत्न केला. गाद्या लावल्या, गोधड्या टांगल्या. कोंबडा, शेजारचा पंप, आणि बरोब्बर शेवटच्या ओळीला मामी "चाय घेतास काय रे?" म्हणून आत.

खरी अडचण मात्र पंचांगाची आहे, ती कोकणाबाहेर कळायची नाही. बायचा मृदंगवाला दशावतारात वाजवतो, कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मे पर्यंत त्याला रात्र मोकळी नाही आणि दिवसा तो झोपलेला. पायपेटीवाले बुवा भाद्रपदात गणपतीची भजनं, डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना), कोणाच्या हाताला लागत नाहीत. कोरसमधली दोन पोरं होडीवर जातात, मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, तेव्हाच काय ती घरी. म्हणजे सगळे एकदम मोकळे सापडतात ते जून-जुलैत, आणि जून-जुलैत कौलांवर पाऊस असा कोसळतो की शेजारी बसलेल्याला ओरडून सांगावं लागतं, त्यात बेडूक, त्यात लाईट जाते ती जाते. कंडेन्सर माइकला (स्टुडिओतला नाजूक माइक) तर दमट हवा अजिबात चालत नाही, चरचर करायला लागतो, आमचा उसना आणलेला माइक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत तांदळाच्या डब्यात झोपायचा. शेवटी सावंतवाडीला स्टुडिओ घेतला. ६२ तास, तासाला ६००, झाले ३७,२००. ते भाडं पाऊस बाहेर ठेवण्याचं.

तिथेही पहिला दिवस वाया गेला. बुवांची पेटी जुनी, तिची काळी चार (ही सुराची पट्टी) आणि गिटारची काळी चार जुळेचना. गिटार काय, खुंट्या पिळून पेटीला जुळवता येते, पण बासरी कशी जुळवणार, तिची भोकं तर पाडून झालेली! मग पेटी खोलून सूर नीट लावून घेतले. त्यात गिटारच्या तारा, खाऱ्या हवेत महिन्याभरात गंजतात. दोन्ही मिळून ४,५००.

"मिक्सिंग एआय करतो."

तीन ठिकाणी फुकट करून बघितलं. आवाज मोठा झाला, एवढंच. आणि मोठा करून उपयोग काय, स्पॉटिफायसारखी ॲप्स सगळ्यांचा आवाज साधारण एका पातळीवर आणतात, स्पॉटिफायवर ती उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) आसपास असते, म्हणजे तुम्ही दाबून दाबून गाणं फुगवलं तरी तिकडे ते खालीच उतरवतात. आमचा प्रॉब्लेम वेगळा होता. झांजेची किणकिण नेमकी तिथे बसते जिथे स आणि श ऐकू येतात. पुण्याचा जो पोरगा मिक्स करत होता त्याने फोन करून विचारलं, ताई ह्या ओळीत शब्द सांज आहे की झांज? दोन्ही होते. त्याने ती ओळ धरून अर्धी रात्र काढली. मिक्सिंगला (गळा आणि वाद्यांचा तोल साधायला) गाण्यामागे ६,०००, मास्टरिंगला (शेवटचा हात फिरवायला) १,५००, सात गाण्यांचे ५२,५००. उद्या एआय हे पण करेल कदाचित, करू दे, तेव्हा वहीत तो आकडा कमी लिहीन.

"अपलोड फुकट."

हे अर्धं खरं आहे. यूट्यूबवर फुकट. बाकी ॲपवर साधारणपणे डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी ॲपवर पोचवणारी कंपनी) जावं लागतं, कोणी वर्षाची फी घेतो, कोणी फी न घेता कमाईतला हिस्सा कापतो. फीवाल्यांमध्ये काही ठिकाणी फी थकली की गाणी खाली उतरतात, हे सही करण्याआधी वाचा. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नंबर (त्या रेकॉर्डिंगची ओळख) पडतो, तो जपून ठेवा, डिस्ट्रिब्युटर बदलताना तोच नंबर वापरायचा असतो.

काकांनी फॉरवर्डखाली स्वतःची भर घातली होती, "कंपनीकडे का नाही गेली?" काका, एका ठिकाणी विचारलं होतं. त्यांना मास्टर (मूळ रेकॉर्डिंग) कायमचा हवा होता. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हिस्सा सही करून सोडता येत नाही, वारसाला नाहीतर कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. पण रेकॉर्डिंगची मालकी विकली की विकली. बाय म्हणाली, नको.

"चांगलं गाणं आपोआप चालतं, घरबसल्या पैसे येतात."

ह्या ओळीवर मी हिशोबनीस म्हणून जरा जास्त बोलणार, चालवून घ्या.

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघणं लागतं (शॉर्ट्सचा रस्ता वेगळा आहे, तिथे ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज). ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. गाणं ४ मिनिटांचं धरा, म्हणजे ६०,००० वेळा कोणीतरी ते पूर्ण ऐकायला पायजे. आमचा गाव अडीच हजार वस्तीचा. तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाने २४ वेळा. आणि हे पैसे मिळायला नव्हे हां, पैसे मागायला पात्र व्हायला.

स्पॉटिफायचं २०२४ पासून असं आहे की एखादं गाणं मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा वाजलं नसेल तर त्या गाण्याची रॉयल्टीच मोजत नाहीत. आणि वाजलं तरी एका वाजण्याला अमुक पैसे असा ठरलेला भाव नाही, जमलेल्या रकमेतून वाटा पडतो, फुकट ऐकणाऱ्यांच्या देशात तो वाटा किती पडणार ते तुम्हीच समजा. बायची सातपैकी तीन गाणी हजाराच्या वर गेली, चार नाही गेली. त्या चारांत मला सगळ्यात आवडणारं गाणं आहे, ज्यात बुवांनी पेटीवर नुसता एक सूर धरून ठेवलाय. ते चांगलं नाही म्हणून नाही चाललं? की संध्याकाळी साडेसहाला भजनाला बसायच्या वेळी टाकलं म्हणून? मला माहीत नाही. तीन गाण्यांची मिळून आतापर्यंतची कमाई मी वहीत शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलीय, पेन वापरावं असं वाटलं नाही.

"ही नवी भीक."

नवी तर नाहीच. डबलबारीत बुवांनी एखादा अभंग रंगवला की माइकवरून "अमुक यांजकडून बुवांना पाचशे एक रुपये बक्षीस" हे काय असतं? आमच्या जत्रेत दशावतार उभा राहायच्या आधी आरतीचं ताट फिरतं, त्यात टाकता ना दहा-वीस? शिमग्यात खेळे दारात नाचून पोस्त (शिमग्याची बक्षिसी) घेतात तेव्हा कोण म्हणतं भीक? काकाच दरवर्षी गाडीचं रिझर्वेशन दोन महिने आधी करून येतात आणि पालखीपुढे नोट काढतात, व्हिडिओ आहे. फरक एवढाच की तिकडे गाणं आधी आणि पैसे नंतर, बायने पैसे आधी घेतले आणि गाणं नंतर दिलं. आणि आधी घेऊन पण मोठी कामं झालीत. १९७६ साली गुजरातच्या ५ लाख दूधवाल्या शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून श्याम बेनेगलांचा 'मंथन' सिनेमा उभा केला. ती भीक होती असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यात मोबाईल आहे, एआय आहे, ॲप आहे, फक्त वादक नाहीत. वहीतला सगळ्यात मोठा आकडा त्यांचाच आहे, ५८,०००. मृदंगवाल्याने रेकॉर्डिंगसाठी दोन नाईट सोडल्या, पाऊस उशिरा आला म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात पण कामं चालू होती, त्या नाईटचे पैसे त्याच्या घरी कोण देणार? बायने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, माझं मानधन शून्य लिही पण त्यांचं पाकीट त्याच संध्याकाळी. प्रवास आणि जेवणखाण १६,३००, त्यात एका रविवारचे वडे-कोंबडी आहेत, ते कापायला मी तयार होतो, ती नव्हती.

पैसे आले कुठून ते पण सांगतो. १४० लोकांकडून १,२४,५००. बायच्या ट्यूशनच्या शिलकीतून ५०,०००. उरलेले २६,५०० मामांनी आंब्याच्या पेट्यांमधून दिले, घरात अजून चेष्टा चालते की एका पेटीचे पैसे दुसऱ्या पेटीत गेले. १४० मधले बरेचसे मुंबईचे चाकरमानी, पण सगळ्यात पहिले १०० रुपये मासळी बाजारात बसणाऱ्या एका आजीने दिले, "गो चेडवा, माका पैशे परत नको, पण गाणी पुरी कर."

मी मात्र हे पैसे भेट म्हणून लिहू दिले नाहीत. नात्याबाहेरच्यांकडून वर्षभरात ५०,००० च्या वर भेट आली की इन्कम टॅक्सवाले सगळीच रक्कम उत्पन्नात धरतात. आणि खरं तर ती भेट नव्हतीच, प्रत्येकाला काहीतरी द्यायचं कबूल केलेलं, म्हणजे आगाऊ विक्री. तशी नोंद केली, समोर खर्च लावला.

इथे आमच्या चुका सांगायला हव्यात, नाहीतर मी पण फॉरवर्डच लिहितोय असं होईल. एका स्टुडिओला (सावंतवाडीचा नव्हे) आधी ८,००० आगाऊ दिले होते, पावती घेतली नाही, ते गेले. पतसंस्थेतला माणूस आणि पावती नाही, माझ्या बायकोने हे चार पाहुण्यांना सांगितलंय. दुसरी चूक, सीडी देऊ म्हणून कबूल केलं आणि मग लक्षात आलं की सीडी लावायला कोणाच्या घरात काही उरलेलं नाही, म्हणून गाडीत चालतील असे पेनड्राइव्ह द्यायचे ठरले, ६० जणांना, २२० ला एक, कुरिअर धरून १६,५००. म्हणजे ऐकणाऱ्यांनी दिलेल्या पैशातला साधारण साडेसात रुपयांना एक रुपया त्यांनाच वस्तू परत पाठवण्यात गेला. पुढच्या वेळी फक्त गाणी आणि गावात एक मैफल, बस. मुखपृष्ठाचं चित्र आणि फोटो ८,०००. आणि गणपतीला देऊ म्हटलेला अल्बम शिमग्याला आला, त्यावर तिघांनी पैसे परत मागितले, परत केले, मग अल्बम ऐकून दोघांनी पुन्हा पाठवले. वर म्हटलेले १४० हे त्यानंतरचे. आकडे जुळवून बघा, २,०१,००० होतात. वरचा हजार फोडत बसलो नाही कारण तो कशाचा म्हणून वेगळा नाहीच, बुडालेल्या आठात धरा नाहीतर वडे-कोंबडीत.

वहीच्या पानांचे फोटो १४० जणांना पाठवलेत. काकांनाही पाठवले, ते त्यात आहेत, ५०१ रुपये, बारावा नंबर, बहुतेक विसरले असतील. त्यांचा पेनड्राइव्ह "पत्ता अपूर्ण" शिक्का घेऊन परत आलाय, माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. काका, विंगचं नाव तेवढं कळवा, ग्रुपवर नको, मला पर्सनलवर.