‘सापडला की थेट कळंबा’: त्या मेसेजमधलं खरं किती?

त्र्यंबोलीच्या यात्रेपासून गटारीपर्यंत कोल्हापुरातल्या तालीम-मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. मजकूर साधारण असा (कळंबा म्हणजे इथलं मध्यवर्ती कारागृह): ‘भावांनो, नवीन कायद्यात दारू पिऊन गाडी चालवणं अजामीनपात्र झालंय. सापडला की थेट कळंबा. मशीनमध्ये फुंकू नका, दोन तास काढा, केस आपोआप संपते. जामीनदार कोल्हापूरचा सातबारावालाच लागतो. अपघात झालाच तर पुण्यासारखा निबंध लिहायचा. नाहीतर दहा हजार भरा, विषय संपला.’

मी इथल्याच कोर्टात वकिली करतो. या मेसेजनं जिथं घाबरवलंय तिथं घाबरण्यासारखं फारसं काही नाही. जिथं धीर दिलाय, तिथं मात्र माणूस हमखास गोत्यात येतो.

‘अजामीनपात्र.’ साफ चूक. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, एवढंच खरं. पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा आहे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये, आणि तो तिथून हललेला नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की हे कलम लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. अशा इतर कायद्यांतल्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल तर तो जामीनपात्र, असं नव्या संहितेच्या पहिल्या अनुसूचीतच लिहिलंय.

जामीनपात्र म्हणजे कलम ४७८ खाली जामीन हा तुमचा हक्क. तो ठाण्यातच मिळू शकतो. ‘साहेब राउंडला गेलेत, सकाळी बघू’ हे कायद्यातलं उत्तर नव्हे. रसिकलाल विरुद्ध किशोर वाधवानी या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा हक्क निर्विवाद असल्याचं सांगितलंय. उलट, वॉरंटशिवाय पकडलेल्या माणसाला ‘तुला जामिनाचा हक्क आहे’ हे पोलिसांनी स्वतःहून सांगायचं असतं, कलम ४७ प्रमाणे.

‘फुंकू नका, दोन तास काढा.’ मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ मध्ये दोन तासांचा उल्लेख आहे, त्यातनंच ही पुडी सुटली असावी. अटक झाल्यापासून दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही तर कोठडीतनं सोडावं लागतं. कोठडीतनं! केस संपते असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. आणि घड्याळ सुरू होतं अटकेपासून. तावडे हॉटेलजवळ गाडी अडवली त्या मिनिटापासून नव्हे. तिथनं सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, रक्त द्यायला न्यायला दोन तास लागत नाहीत. सबळ कारण नसताना फुंकायला किंवा रक्त द्यायला नकार दिलात, तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो.

‘जामीनदार कोल्हापूरचाच.’ हे मात्र मेसेजवाल्यानं हवेतनं आणलेलं नाही. ठाण्यात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात हे वाक्य कायम ऐकू येतं. गोकुळ शिरगावच्या कारखान्यातला बिहारी कामगार किंवा रत्नागिरीहून शिकायला आलेला पोरगा यानंच अडतो. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा १९७८ चा निकाल अशांसाठीच आहे. एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चालणार नाही म्हणून सांगितलं. तेव्हा निपाणीच्या मामाला फक्त निपाणीचा आहे म्हणून परत पाठवता येत नाही.

सातबाराही सक्तीचा नाही. जामीनदाराची ऐपत दिसली पाहिजे. ती घरफाळ्याच्या पावतीनं दिसेल, पगारपत्रकानंही दिसेल. ज्याच्याकडं कुणीच नाही त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायची तरतूद कलम ४७८ मध्येच आहे. आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस निर्धन आहे असंच धरायचं असतं. कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यावर ‘जामीनदार पाहिजे काय?’ म्हणून कानाशी येणाऱ्यांपासून लांब राहा. आपण आधी किती जणांना जामीन राहिलोय हे जामीनदाराला कोर्टापुढं लिहून द्यावं लागतं, आणि खोटं निघालं की निस्तरायला तुमचा माणूस.

‘पुण्यासारखा निबंध.’ १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात पोर्शेखाली दोघांचा जीव गेला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, म्हणून प्रकरण बाल न्याय मंडळापुढं गेलं. ३०० शब्दांच्या निबंधाची अट तिथली, आणि तो आदेशही तीन दिवसांत बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं. मिसरूड फुटलेल्या बाप्याला हे दार नाहीच. निष्काळजीपणानं मृत्यू, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), हे जामीनपात्र आहे. पण पिऊन माणूस मारला की पोलीस कलम १०५, सदोष मनुष्यवध, लावू शकतात, आणि ते अजामीनपात्र. २००६ साली मुंबईत कार्टर रोडवर सात जण मेले, त्या ॲलिस्टर परेरा खटल्यात याच जातीच्या जुन्या कलमाखालची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये कायम केली. कळंब्याची भीती घालायचीच असेल तर ती इथं घाला.

‘दहा हजार भरा, विषय संपला.’ तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे ही. हेल्मेट नसल्याचा दंड जागेवर तडजोडीनं मिटतो. कलम १८५ तडजोडीच्या यादीतच नाही, ते कोर्टात जाणारच. जामिनाची रक्कम म्हणजे हमी. बहुतेक वेळा ती कागदावर असते. रोख भरलीच तर पावती मिळते आणि तारखा पाळल्या तर पैसे परत येतात. आणि १०,००० हा दंड दोषी ठरल्यावरचा. ठाण्यात बिनपावतीचे दहा हजार कुणी ‘मिटवायला’ मागत असेल तर ती लाच. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही त्यात अडकतो.

जामीन मिळाला म्हणून तारीख चुकवली तर वॉरंट निघतं, शिवाय गैरहजेरीचा वेगळा गुन्हा, एक वर्षापर्यंत कैदेचा.

दंडाचं तर आणखी निराळं. पोरं पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतात, पैसे भरतात आणि मोकळी होऊन मिसळ खायला जातात. पण दोषी ठरलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम २० प्रमाणे कोर्टानं किमान सहा महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवायचंच असतं. वडाप, म्हणजे प्रवासी भरून नेणारी गाडी, चालवणाऱ्याला हे ‘कबूल आहे’ म्हणायच्या आधी कुणी सांगितलेलं नसतं.