कचऱ्याची पाटीलकी

मेलबर्नच्या पश्चिमेला आम्ही राहतो त्या गल्लीत सोमवारी रात्री कुठले डबे बाहेर काढायचे हे कोणी पालिकेचं कॅलेंडर बघून ठरवत नाही, समोरच्या ग्रीक आजोबांकडे बघून ठरवतात. आजोबा संध्याकाळी पाचला स्लिपर्स घालून बाहेर येणार, दोन डबे ओढत कडेला लावणार, मग एक पाऊल मागे जाऊन दिवाळीच्या रांगोळीकडे बघावं तसं बघणार, की पुढच्या अर्ध्या तासात गल्लीभर चाकांची खडखड सुरू.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. घरटी तीन डबे. लाल झाकण म्हणजे साधा कचरा, तो दर आठवड्याला. पिवळं म्हणजे रिसायकलिंग आणि हिरवं म्हणजे आमच्याकडे बागेतलं गवत-पालापाचोळा, हे दोन आलटून पालटून. व्हिक्टोरियात, म्हणजे आमच्या राज्यात, काही ठिकाणी काचेसाठी जांभळ्या झाकणाचा चौथा डबाही आलाय, म्हणजे गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं राहील. आणि मंगळवारी सकाळी येणारा कचऱ्याचा गाडीवाला खाली उतरत नाही हां. ट्रकच्या कुशीतून एक लोखंडी हात निघतो, डबा बकोटीला धरून वर उचलतो, उलटा करून दोनदा झटकतो आणि आदळल्यासारखा परत ठेवतो. त्यामुळे डब्याची चाकं घराकडे, झाकण रस्त्याकडे, दोन डब्यांत अंतर, वर झाड नको, बाजूला गाडी नको. लग्नात व्याह्यांना बसवताना एवढा विचार केला नव्हता आम्ही.

मी मूळचा नाशिकचा. तिकडे घंटागाडी यायची, आई बादली घेऊन धावायची, चुकली तर पुढच्या चौकात गाठायची आणि तिथेही नाहीच सापडली तर त्याच्या पुढच्या. गाडीवाल्याशी ओळख, भांडण, दिवाळीची बक्षिसी, सगळं असायचं. इथे डब्याशी ओळख.

तर २०२४ च्या ऑगस्टात आजोबा तीन महिन्यांसाठी ग्रीसला निघाले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माय फ्रेंड, बिन्स तू बघ." त्यांना बहुतेक फक्त त्यांचे स्वतःचे डबे म्हणायचे होते, पण मी गल्लीचा अर्थ घेतला. बायको म्हणाली, "अरे नसती पाटीलकी कशाला?" पण मला एकदम गादीवर बसल्यासारखं झालेलं. दर सोमवारी पावणेपाचलाच मी डबे काढायला लागलो, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आज पिवळा' असं टाकायला लागलो, लोक अंगठे द्यायला लागले. सप्टेंबरात मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात, तेव्हा तर मी सायकलचं हेल्मेट घालून डबे लावले, पण चुकवला नाही एकही सोमवार. कोपऱ्यावरचे पंजाबी पाजी मला 'बिन कॅप्टन' म्हणायला लागले आणि मला ते आवडायला लागलं, तिथेच चुकलं.

नोव्हेंबरचा पहिला मंगळवार म्हणजे मेलबर्न कप. १८६१ पासून चालत आलेली घोड्यांची शर्यत, ३२०० मीटर, दुपारी तीनला, तीन-साडेतीन मिनिटांत खेळ खल्लास, आणि त्यासाठी अख्ख्या शहराला सुट्टी. त्या वर्षी तो मंगळवार ५ तारखेला आला, म्हणजे भाऊबीज रविवारी आणि लगेच कप. मी डोकं चालवलं. सरकारी सुट्टी म्हणजे सुट्टी, कचऱ्याच्या गाडीलाही. नाशिकात वाढलेल्या माणसाला याच्यापुढे पुरावा लागत नाही. ग्रुपवर टाकलं, 'उद्या पब्लिक हॉलिडे, बिन्स बाहेर काढू नका.' सतरा अंगठे आले. एका व्हिएतनामी काकूंनी 'थँक यू डार्लिंग' लिहिलं आणि शेजारच्या टॅटूवाल्याने 'लेजंड'. तो शब्द मी बायकोला दाखवला. तिने फक्त विचारलं, "कॅलेंडर बघितलंस का?" मी म्हटलं, कॅलेंडर कशाला, कॉमन सेन्स आहे.

सकाळी साडेसहाला झोपेत तो आवाज आला. घर्रर्र, धप्प. घर्रर्र, धप्प. मागच्या गल्लीतून.

आमच्या लाल डब्यात भाऊबीजेची कोळंबी होती, म्हणजे सालं. मटणाची हाडं होती. चकलीच्या तळणाचं तेल बाटलीत भरून टाकलेलं. नोव्हेंबरचं ऊन. हे अजून एक आठवडा घराच्या भिंतीला टेकून राहणार या विचाराने मी बनियन आणि हाफ पँटवर तसाच सुटलो, अनवाणी, डबा मागे ओढत. ट्रक आमच्या गल्लीत वळला, दोन्ही बाजूंना एकही डबा नाही म्हटल्यावर ड्रायव्हर न थांबताच निघालेला. मी मागून "एक्सक्यूज मी!" ओरडतोय. धावताना कोणी एक्सक्यूज मी म्हणतं का? पण आईचं रक्त, सोडतंय थोडंच, पुढच्या कोपऱ्यावर गाठला त्याला. तो हसला, लोखंडी हात बाहेर आला, डबा उचलला, झटकला, ठेवला. अंगठा दाखवून गेला.

मी धापा टाकत वळून बघतो तर काय. प्रत्येक खिडकीत कोणी ना कोणी. ज्याने सतरा घरांना डबे काढू नका सांगितलं, त्या एकट्याचाच डबा रिकामा होऊन परत येतोय, आणि तो डबा अख्ख्या गल्लीतून गडगड करत मला घरापर्यंत न्यायचा होता. रिकामा डबा भरलेल्यापेक्षा जास्त वाजतो.

शिवी कोणी दिली नाही. देत नाहीत इथे, तेच वाईट. टॅटूवाला म्हणाला, "नो वरीज मेट," पण चेहरा वेगळंच बोलत होता. मग दुपारी, शर्यत सुटायच्या सुमारास, बेल वाजली. व्हिएतनामी काकू, हातात गाठ मारलेली पिशवी. दुसऱ्याच्या डब्यात न विचारता कचरा टाकणं हा इथे मोठा गुन्हा, म्हणून त्यांनी विचारलं. नाही कसं म्हणणार? त्यांच्यामागे पाजी दोन पिशव्या घेऊन. त्यांच्यामागे टॅटूवाला, कप पार्टीची कोळंबी घेऊन, पाच किलो तरी असावी. संध्याकाळपर्यंत माझ्या डब्याचं झाकण लागेना. सगळ्या गल्लीने कप डे ला काय खाल्लं हे मला आजही पाठ आहे.

आईला फोनवर सांगितलं तर तिला कचऱ्याचं काहीच वाटलं नाही, म्हणाली, "गाठलास ना पण गाडीला?"

पुढचा सोमवार. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही, गुपचूप तीनलाच डबे लावले. पाच वाजले, सहा वाजले, साडेसात झाले. पडदे हलत होते, डबा एकही हलेना. माझे दोन डबे तेवढे गल्लीत उभे, वाळीत टाकल्यासारखे. नऊच्या सुमाराला टॅक्सी थांबली, ग्रीक आजोबा उतरले. बॅगा दारात तशाच ठेवल्या, आत जाऊन दोन डबे ओढत बाहेर आले, कडेला लावले, एक पाऊल मागे जाऊन बघितलं.

आणि गल्लीभर खडखड सुरू झाली.