साडेतीन टन ओढते म्हणे, आणि आत एक प्लायवूड जात नाही

डोकं फिरलंय आज, कुठेतरी ओकल्याशिवाय झोप लागायची नाही. मी लंडनजवळ स्लाउला (Slough) राहतो, नोकरी सांभाळून मखर, स्टेज, लग्नाचं डेकोरेशन असली कामं करतो आणि दोन वर्षांपूर्वी मला अक्कल सुचली की साधी व्हॅन कशाला, एसयूव्हीची व्हॅन घेऊ. इथे इंग्लंडात मिळतात तशा, मोठी फोर बाय फोर घ्यायची, मागच्या सीट काढायच्या, काचा बंद करायच्या, सपाट फ्लोर टाकायचा, झाली कमर्शियल. का? तर व्हॅट! कार घेतली की धंद्यातही व्हॅट सहसा परत मिळत नाही, व्हॅन म्हटलं की मिळतो. ह्या २० टक्क्यांच्या नादात मी स्वतःलाच शेंडी लावून घेतली.

जागेचं बोलतो आधी. कागदावर लोड स्पेस दोन क्युबिक मीटर. शोरूममध्ये आत वाकून बघितलं तर काय प्रशस्त वाटलं, गालिचा काय, दिवे काय. घरी आणून आठ बाय चारची प्लायवूडची शीट आत घालायला गेलो तर दोन्ही बाजूंनी व्हील आर्च, म्हणजे चाकांवरचे उंचवटे, आडवे. तिरपी केली, छताला लागली. पुढून सरकवली, मध्ये बल्कहेड, म्हणजे सीट आणि सामानामधली आडभिंत. शेवटी दार उघडं ठेवून दोरीने बांधून आणली, थंडीत, पावसात, बायको शेजारी बसून एक शब्द बोलली नाही आणि तेच जास्त लागलं. अहो, तेवढ्याच लांबीच्या साध्या मिडियम व्हॅनमध्ये सहा क्युबिक मीटर जागा असते, तिप्पट! आणि फ्लोर खाली असतो. ह्याचा फ्लोर माझ्या कमरेएवढा, एकेक स्पीकर उचलताना पाठीचं भजं. का एवढा उंच? कारण गाडी ९० सेंटिमीटर पाण्यातून जाऊ शकते. मी मखर नेतोय हो, कृष्णेचा पूर ओलांडत नाहीये.

तर सगळे म्हणाले, अरे जागेचं काय घेऊन बसलास, ट्रेलर लाव, ३५०० किलो ओढते ती. आणि लायसन्सचंही सोपं झालंय, २०२१ च्या डिसेंबरपासून ट्रेलरची वेगळी टेस्टच गेली. मी लावला. डबल ॲक्सलचा, ब्रेकवाला, झाकलेला. आणि मग एक दिवस दार उघडून ती छोटी प्लेट वाचली जी घ्यायच्या आधी वाचायला हवी होती. चार आकडे असतात त्यावर. पहिला गाडीचं भरल्यावरचं जास्तीत जास्त वजन, दुसरा गाडी अधिक ट्रेलर मिळून, खालचे दोन पुढच्या-मागच्या ॲक्सलचे. माझ्या गाडीचे ३००० आणि ६०००. आता करा वजाबाकी. ट्रेलर ३५०० चा केला तर गाडीला उरले २५००, आणि गाडी रिकामी माझ्यासकट २३००! म्हणजे २०० किलो. ब्रोशरमध्ये ७०० किलो पेलोड, म्हणजे गाडीत भरता येणारं वजन, एका पानावर, ३५०० टोइंग दुसऱ्या पानावर, दोन्ही खरं, फक्त एकाच दिवशी नाही. वर ट्रेलर हुकवर जो भार टाकतो ना, नोज वेट, माझ्याकडे साधारण १४० किलो, तोही गाडीच्या पेलोडमधूनच जातो. मला वाटायचं तो ट्रेलरचा हिशेब.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "सर, नॉर्मली लोक दोन्ही एकदम वापरत नाहीत." मग विकतोस कशाला दोन्ही?

इथे थांबलं असतं तरी गप्प बसलो असतो. परवा घरी पाकीट आलं. ए-३४ वर ड्युअल कॅरेजवेला, म्हणजे मध्ये दुभाजक असलेल्या रस्त्यावर, ताशी ६९ मैलांच्या स्पीडने पकडलं. गाडी रिकामी, ट्रेलर घरी. मी म्हटलं चूक आहे, इथे तर लिमिट ७०. नाही! ७० कारला. गुड्स व्हेइकलला ड्युअल कॅरेजवेवर ६०, आणि दुभाजक नसलेल्या, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ५०. फोर बाय फोरला सूट आहे म्हणे, पण रिकाम्या गाडीचं वजन २०४० किलोच्या आत असेल तरच, आणि माझी म्हैस त्याच्या वर. शेजाऱ्याकडे सेम मॉडेल आहे, फक्त त्याच्यात मागे सीट आणि काचा. तेच इंजिन, तेच टायर, तेच ब्रेक. तो ७० ने माझ्या बाजूने हात करून जाणार आणि मी ट्रकवाला. माझ्या मागच्या काचा काळ्या आहेत हा माझा गुन्हा.

आणि डेकोरेशनची लेस्टरची एक ऑर्डर घेतली होती, त्यातही गंमत. धंद्यासाठी गाडी-ट्रेलर मिळून साडेतीन टनांवर गेलं की टॅकोग्राफ, म्हणजे ड्रायव्हरचे तास नोंदवणारं यंत्र, लागतो. स्वतःच्या कामाचं सामान असेल तर १०० किलोमीटरच्या आत सूट, लेस्टर त्याच्या बाहेर. बसा आता!

पुढच्या रविवारी सासू-सासरे साताऱ्याहून येतायत, हीथ्रोला आणायला जायचंय. गाडीत सीट दोन. काल फोनवर सासरे कौतुकाने विचारत होते, "जावईबापू, एवढी मोठी गाडी घेतलीत म्हणे, किती जण बसतात?" मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.