मांजर नाही रे, ऑस्कर!

परत तेच! काल रात्री साडेदहाला मेहुण्याचा फोन, "दाजी, माशाच्या टाकीत १२ छोट्या गप्पी होत्या, ७ गायब झाल्या, मांजर आलं असंल का?" मांजर!! अरे बाबा, ते मांजर तूच पैसे मोजून आणलंस की परवा, ऑस्कर मासा म्हणतात त्याला. व्हिडिओ कॉल लावला तर त्याच्या तोंडातून आठवीची नारंगी शेपटी अजून हलायली होती. दुकानवाला म्हणला म्हणे, पिल्लू हाय, काही करत नाही. आज दोन इंचाचं दिसतंय पण पुढं चांगलं फूटभर होतंय, आणि तोंडात जे मावंल ते त्याचं जेवण, बिचाऱ्याचा काय दोष, ॲमेझॉनच्या पाण्यात त्याचे बापजादे हेच करत आलेत.

गेल्या साली टायगर बार्ब, पट्ट्यापट्ट्याचे भांडखोर मासे. घोळक्यात ठिव, आठ-दहा असले की आपसातच भांडत बसतात असं घसा फोडून सांगितलं, ह्यानं आणले दोन, अन् त्या दोघांनी एंजल माशाचे लांब पर कुरतडून पार झाडूच्या काड्या केल्या. मग घाबरून सगळी टाकी रिकामी करून धुतली. लातुरात! जिथं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं हा मासे भांडले म्हणून अख्खी टाकी मोरीत सोडतो, अन् भांडण तसंच.

तासभर समजावलं, हो हो म्हणला. आज सकाळी मेसेज, तोही फ्लॉवरहॉर्नचा, जो मासा टाकीत दुसऱ्या कुणाला टिकू देत नाही, "दाजी, फ्लॉवरहॉर्नचं डोकं लई भारी दिसतंय, आणू का? सोबत कोण ठिवायचं?"