जपून हरवा

अभिनंदन! न्यूयॉर्क, जिनिव्हा, नैरोबी असा पसारा असलेल्या एका अवाढव्य आंतरराष्ट्रीय संघटनेत तुमची नेमणूक झाली आणि रुजू होताच साहेब म्हणाले, "रेकॉर्डचं तेवढं तुम्ही बघा." हे काम कुणालाच नको असतं, म्हणून ते नव्या माणसाच्या गळ्यात मारायची पद्धत जगभर सारखीच आहे. हिरमुसू नका. या खुर्चीत बसून फार मोठी कामगिरी करता येते. संयुक्त राष्ट्रांतल्या पूर्वसुरींनी ती करून दाखवली आहे, आपण फक्त कित्ता गिरवायचा.

आधी एक पथ्य: काहीही फाडायचं नाही. फाडाफाडी अंगाशी येते. निर्बंधांत अडकलेल्या इराकनं तेल विकून अन्न घ्यावं, या संयुक्त राष्ट्रांच्या 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेतल्या भ्रष्टाचाराची चौकशी अमेरिकी केंद्रीय बँकेचे माजी प्रमुख पॉल व्होल्कर यांच्या समितीनं करावी, याला सुरक्षा परिषदेनं २१ एप्रिल २००४ रोजी एकमतानं पाठिंबा दिला. दुसऱ्याच दिवशी महासचिवांच्या कार्यालयप्रमुखांनी १९९७ ते १९९९ या तीन वर्षांच्या पत्रव्यवहाराच्या प्रती नष्ट करायला मंजुरी दिली. कारण? कपाटात जागा नव्हती. जूनमध्ये त्याच कार्यालयातून फर्मान निघालं की या योजनेचा एकही कागद नष्ट होता कामा नये. इकडे फर्मान आणि तिकडे कागद फाडायचं यंत्र, दोघंही डिसेंबरपर्यंत गुण्यागोविंदानं नांदले. या नुसत्या प्रती होत्या, मूळ कागद इतरत्र आहेत, असा खुलासा झाला. तो खराही असेल. पण मार्च २००५ मध्ये समितीच्या अहवालात हे सगळं तारीखवार छापून आलं. (याच समितीच्या शेवटच्या अहवालापायी आपल्याकडे नटवर सिंह यांचं परराष्ट्र खातं गेलं, ते आठवत असेल.) तात्पर्य, कागद फाडला की त्याचा नवा कागद तयार होतो: कुणी फाडला, कधी फाडला, कुणाच्या सहीनं.

त्यापेक्षा कपाट बरं. साधं, फायली ठेवायचं, कुलपाचं.

६ एप्रिल १९९४ रोजी किगालीजवळ रवांडाच्या अध्यक्षांचं विमान पाडलं गेलं. त्यानंतर त्या देशात जो वंशसंहार घडला त्यावर विनोद करायची माझी छाती नाही. कपाटावर मात्र बोलता येईल. मार्च २००४ मध्ये 'ल माँद' या फ्रेंच दैनिकानं लिहिलं की त्या विमानाचा ब्लॅक बॉक्स संयुक्त राष्ट्रांकडे आहे. प्रवक्त्यांनी बातमी हसण्यावारी नेली. मग कुणीतरी जागेवरून उठून पाहिलं, तर शांतिसेना विभागाच्या हवाई सुरक्षा कक्षात, फायलींच्या कपाटात, ब्लॅक बॉक्स खरोखरच बसलेला! १९९४ सालीच तो राजनैतिक टपालाच्या थैलीतून न्यूयॉर्कला आला होता. ज्यांनी पाहिला त्यांना तो कोसळलेल्या विमानातला वाटेना, इतका धडधाकट होता. म्हणून त्यांनी तो कपाटात ठेवला आणि ते पुढच्या कामाला लागले. साहेबांना कुणी सांगितलं नाही. तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांनी हा पहिल्या प्रतीचा घोळ असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. पुढे तपासणीत निघालं की तो त्या विमानाचा नव्हताच.

या प्रकरणाचं सौंदर्य नीट समजून घ्या. कुणी काही लपवलं नाही, कुणी काही मोडलं नाही. 'आला, पाहिला, संबंध दिसत नाही' एवढी एक ओळ योग्य जागी पोचली असती तर विषय १९९४ मध्येच मिटला असता. ती ओळ न पोचल्यामुळे दहा वर्षांनी जगभर बोंब झाली. एका न लिहिलेल्या ओळीतून एवढं काम होतं! फाडणाऱ्यांना हे कसं जमावं?

याहून वरची पायरी म्हणजे कागद असावा, नोंद असावी, जागा ठाऊक असावी, आणि तरीही तो कुणी मागू नये. दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धगुन्ह्यांच्या आयोगाचं दप्तर १९४८ नंतर न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात आलं. संशयितांच्या हजारो फायली. पाहायची परवानगी फक्त सरकारांना, तीही रीतसर मागितली तर. त्यातली एक फाइल युगोस्लाव्हियानं आरोप केलेल्या कुर्ट वाल्डहाइम नावाच्या एका ऑस्ट्रियन अधिकाऱ्याची होती. हे गृहस्थ १९७२ ते १९८१ अशी दहा वर्षं त्याच संघटनेचे महासचिव होते. म्हणजे साहेब खुर्चीत आणि साहेबांची फाइल संघटनेच्याच दप्तरात, आणि दोघांची ओळख करून द्यावी असं कुणालाही वाटलं नाही. १९८६ मध्ये ते ऑस्ट्रियाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा ती फाइल बाहेर आली. आरोप कोर्टात कधी उभा राहिला नाही, हेही सांगायला हवं. पण नेमणुकीच्या वेळी पाच मोठ्या देशांपैकी एकानं जरी अर्ज करून फाइल मागवली असती तर? दप्तर बंद ठेवण्याचं श्रेय दप्तरदाराला देतात. मला वाटतं त्यातला अर्धा वाटा न मागणाऱ्यांचा आहे. १९८७ मध्ये ते दप्तर संशोधकांसाठी उघडलं. तुमच्या कारकिर्दीत असं काही उघडायची वेळ येणार नाही एवढं पाहा.

आता वाईट उदाहरण, म्हणजे काय टाळायचं ते. जिनिव्हाचा जुना राष्ट्रसंघ, संयुक्त राष्ट्रांच्या आधीचा. या संघटनेला युद्ध थांबवता आलं नाही, १९४६ मध्ये तिचा गाशा गुंडाळला गेला, पण तिचं टपालखातं बघून लाज वाटते. आलेल्या पत्रावर क्रमांक, क्रमांकाची फाइल, फाइलवर जाड वेष्टन. वेष्टनावर विषय, तारीख, कुणाकडे गेली, संबंधित दुसऱ्या फायली कोणत्या. आत टिपणं: एका अधिकाऱ्यानं लिहिलं, दुसऱ्यानं त्याखाली 'मला हे पटत नाही' अशा अर्थाचं खरडलं, खाली आद्याक्षरं आणि तारीख. कोण कधी काय म्हणालं ते शंभर वर्षांनी कुणीही वाचावं! तीन किलोमीटरच्या आसपास लांबीचं हे दप्तर. २००९ मध्ये युनेस्कोनं ते जगाच्या स्मृतीच्या यादीत घातलं, आणि २०१७ ते २०२२ या काळात दीड कोटीच्या आसपास पानं स्कॅन होऊन सगळ्यांना फुकट खुली झाली. हरलेल्या संघटनेला एवढा नीटनेटकेपणा परवडतो. आपण चालू संघटना आहोत.

अशा नोंदींचा दुसरा त्रास म्हणजे श्रेय योग्य माणसाला मिळतं. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणाऱ्या शब्दांऐवजी 'सर्व माणसं' आलं ते मुंबईच्या विधिमंडळात काम केलेल्या हंसाबेन मेहता यांच्या हरकतीमुळे. हे आज छातीठोकपणे सांगता येतं, कारण मानवी हक्क आयोगाच्या बैठकांचे वृत्तांत राहिले. ती चर्चा व्हॉट्सअॅप ग्रुपवर, 'चोवीस तासांनी मेसेज आपोआप पुसा' ही सोय चालू करून झाली असती, तर आज तिच्या श्रेयासाठी कितीतरी देशांचे प्रतिनिधी पुढे आले असते. ती सोय तुमच्या फोनवर आहेच. वापरा.

तर मग डिजिटल. इथे तुम्हाला मोकळं रान आहे. कागदाला निदान जागेची अडचण असते. सर्व्हरला तीही नाही. म्हणून सगळं ठेवा. 'काय ठेवायचं, किती वर्षं, कुणाच्या हुकमानं काढायचं' असं वेळापत्रक संघटनेत असतं (आपल्या तालुक्याच्या कचेरीतही अ, ब, क, ड वर्गवारी असते), त्याकडे ढुंकून पाहू नका. शेअर्ड ड्राइव्हवर 'तात्पुरते' नावाचं फोल्डर उघडा. त्यात 'तात्पुरते जुने'. त्यात 'हलवू नका'. त्यात एका करारनाम्याच्या सात प्रती: मसुदा, अंतिम, अंतिम सुधारित, अंतिम कायदा विभागाच्या शेऱ्यांसह, अंतिम पाठवलेला, अंतिम खरोखर पाठवलेला, आणि 'कॉपी ऑफ अंतिम'. सही कशावर झाली ते सांगणारा माणूस बदलून गेला, त्याचं मेलबॉक्स आयटीनं बंद केलं. आयटीची चूक नाही. त्यांना ते मेलबॉक्स वाटतं, दप्तर वाटत नाही.

नवी प्रणाली आलीच, तर ती प्रत्येक दस्तऐवजासाठी बारा रकाने भरायला लावेल. 'विषय' या रकान्यात 'इतर' हा पर्याय असतोच. प्रणालीतलं निम्मं जग 'इतर' मध्ये सुखानं राहतं. लोटस नोट्स या जुन्या मेल-प्रणालीतून नव्या प्रणालीत मेल नेताना जोडपत्रं मागे राहिली तर 'स्थलांतर यशस्वी' असाच अहवाल द्या, कारण मेल तर आले ना! फाइल बदलली नाही हे सिद्ध करायला हॅश नावाचा आकडा काढून ठेवतात, दीर्घकाळ टिकावी म्हणून पीडीएफ-एची प्रत करतात, आणि दर काही वर्षांनी सगळं उघडून वाचता येतंय का ते तपासतात. हे शेवटचं खर्चाचं काम आहे. त्याला अंदाजपत्रकात जागा ठेवू नका; नव्या सर्व्हरच्या उद्घाटनाला ठेवा, तिथे फोटो निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या संयुक्त निरीक्षण पथकानं २०१३ मध्ये या दुखण्यावर अख्खा अहवाल लिहिला आहे. तोही सेव्ह करून ठेवा. 'इतर' मध्ये.

मोहिमा बंद होतात तेव्हा तुमचं काम आणखी सोपं होतं. मालीतली शांतिसेना २०१३ मध्ये सुरू झाली. ३० जून २०२३ रोजी सुरक्षा परिषदेनं ती संपवली आणि वर्षाअखेरीस बाहेर पडा म्हणून सांगितलं. दहा वर्षांचा संसार सहा महिन्यांत आवरायचा. अशा घाईत ट्रकमध्ये आधी जनरेटर चढतात, गाड्या चढतात. हार्ड डिस्क कुणाच्या तरी बॅगेत जाते.

गोपनीयतेचा शिक्का सढळ हातानं मारा. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या नियमांत तीनच पायऱ्या आहेत: साधा, गोपनीय, अतिगोपनीय. गोपनीय कागद वीस वर्षांनी आपोआप खुला होतो, अतिगोपनीय असेल तर वीस वर्षांनी तपासून ठरवतात. ते तपासायला माणसं किती आहेत ते एकदा मोजा, म्हणजे कुठला शिक्का सोयीचा ते कळेल.

आणि पुढे कधी तुमची बदली एखाद्या सदस्य देशाच्या परराष्ट्र खात्यात झाली, तर एक पत्र तुमच्याकडे येईल. तेव्हाचे महासचिव दाग हामरशोल्ड यांचं विमान १८ सप्टेंबर १९६१ रोजी आजच्या झांबियातल्या एनडोलाजवळ पडलं. महासचिव स्वतःच त्यात गेले, तरी ते का पडलं हे संघटना अजून विचारते आहे. २०१५ पासून संघटनेनं चौकशीला नेमलेले न्यायमूर्ती मोहम्मद चांडे ओथमान देशोदेशींच्या सरकारांना आपापली दप्तरं शोधायला सांगताहेत, आणि महत्त्वाची माहिती काही देशांच्या दप्तरांत जवळपास नक्कीच आहे, असं २०२४ च्या अहवालातही त्यांनी म्हटलं आहे. उत्तर दोन ओळींचं द्या: 'आमच्या अभिलेखांचा कसून शोध घेण्यात आला. विषयाशी संबंधित काही आढळून आले नाही.' या पत्राची प्रत मात्र डेस्कटॉपवर, चटकन मिळेल अशा ठिकाणी ठेवा. पुढच्या वेळी फक्त तारीख बदलावी लागते.