सूर वेळेवर येईल तर शपथ!

फोंड्यात आमच्या वाड्यावर रात्री अकरानंतर कुठे शांतता होते, तेव्हा मी रेकॉर्डिंगला बसतो. जत्रेतल्या नाटकाचं पार्श्वसंगीत करायचंय. पण संगणकाला जोडलेल्या कीबोर्डची पट्टी दाबली की सूर मागाहून येतो! बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी संगणक साठवून ठेवतो तो तुकडा, १०२४ नमुन्यांवर असला की ४४,१०० च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला तितके नमुने धरून, २३ मिलिसेकंद नुसते तिथेच जातात, ड्रायव्हरचे (आवाजाचं यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) वेगळे. ऐकायला क्षुल्लक वाटतं. द्रुत दादऱ्यात वाजवून बघा! बोटं पुढे, कान मागे. हात आपोआप थबकतो, लय ओढली जाते, अख्खा टेक वाया. बफर १२८ वर आणावा तर उशीर जातो आणि तडतड सुरू होते. उशीर कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर घातला, वायफाय बंद केलं, आवाजाला घुमारा देणारं रिव्हर्बचं जड प्लगइन काढलं, तेव्हा कुठे जमलं. आणि परवा संगणक अपडेट झाला, की सगळं पुन्हा पहिल्यासारखं! वर कुणीतरी सांगतं, ब्लूटूथ हेडफोन लाव. अरे बाबा, त्याने उशीर आणखी वाढतो!

लहानपणापासून पेटी वाजवतोय. भाता हलला, पट्टी दाबली, सूर हजर. एवढंच मागतोय मी.